चार नंबरच्या खोलीत दोन माणसं

१

‘आपल्या तक्रारीची दखल घेऊन रिसेप्शनवरील कर्मचारी दीपमाला हिला कामावरून कमी करण्यात आले आहे. झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत.’

मुळशीच्या तळ्याकाठच्या ‘निळाई’ रिसॉर्टच्या मालकांचं हे उत्तर मी ऑफिसात जेवताना वाचलं आणि डबा तसाच बंद केला. तक्रार माझीच होती.

मी सौरभ बिराजदार. मूळचा औशाचा. हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार घेतो, म्हणजे खोड काढणं हा माझा धंदाच म्हणा ना. मारुंजीत आम्ही चौघांनी मिळून भाड्याने फ्लॅट घेतला होता. २००९ च्या सुरुवातीला मंदीने तिघांच्या नोकऱ्या खाल्ल्या, तिघं आपापल्या गावी गेले आणि मी एकटा चार गाद्यांचा धनी झालो. दर रविवारी आईचा फोन यायचा. ती विचारायची, जेवलास का? मी म्हणायचो, हो. संपलं.

जाहिरातींच्या मेलचा मला भारी तिटकारा. म्हणून मी कुणालाही खरा पत्ता देत नसे. इंटरनेटवर एक सोय होती. आपल्या नावाआधी मनाला येईल तो शब्द लावायचा, की झाला नवा पत्ता. आधी कुठे नोंदवायला नको की कुणाला विचारायला नको. त्यावरची पहिली वीस पत्रं माझ्याकडे यायची, एकविसाव्यापासून पुढची परस्पर कचऱ्यात. गॅसवाल्याला एक पत्ता, चपलांच्या दुकानाला दुसरा, लग्न जुळवणाऱ्या संस्थेला तिसरा. जाहिरात कोणत्या पत्त्यावर आली हे पाहिलं, की घरभेदी सापडलाच. असे माझे त्रेसष्ट पत्ते होते, आणि त्या त्रेसष्टांवर मिळून एकाही जिवंत माणसाचं पत्र येत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी ‘निळाई’त एकटाच मुक्कामाला गेलो होतो. का गेलो, ते पुढे सांगणारच आहे. वहीत नाव लिहिताना समोर पाण्यावर पाणकोंबडी दिसली, म्हणून तोच शब्द लावून पत्ता लिहिला. त्याआधी तो पत्ता जगात नव्हता. आठ दिवसांनी त्याच पत्त्यावर प्लॉटची जाहिरात आली. तिची सुरुवात अशी होती: ‘प्रिय श्री. व सौ. बिराजदार, तळ्याकाठी तुम्हा दोघांच्या स्वप्नातलं घर...’

माझं लग्न झालेलं नाही. ती ‘सौ.’ मला थोबाडीत बसल्यासारखी लागली. त्याच रागात मी मालकांना लिहिलं, की हा पत्ता मी फक्त तुमच्या रिसेप्शनवरच्या मुलीसमोर लिहिला आहे, तेव्हा चोर शोधायला लांब जाऊ नका.

मालक लांब गेले नाहीत. पण उत्तर वाचून मला त्या संध्याकाळची आठवण झाली. ती मुलगी माझ्यामागोमाग पाण्याच्या पायऱ्यांवर आली होती. कॉम्प्युटरच्या परीक्षेचे प्रश्न विचारत अंधार पडेपर्यंत बसून राहिली होती. मग पाहुण्यांची यादी विकली कधी?

२

शनिवारी माण, घोटावडे फाटा, पौड असं करत मी मुळशीला पोचलो. दीपमालाचं घर गावाच्या कडेला होतं. दारात तिची आई अनुसयाबाई तांदूळ पाखडत होत्या. मी नाव सांगितलं, तसा सुपाचा आवाज थांबला.

“तुमीच व्हय ते तक्रारवालं?”

“हो.”

“बारावी करून पौडला कॉम्प्युटर शिकली माजी लेक. गावात पयली. आता लोक म्हनत्यात, मालकाच्या घरातनं चोरून इकलं. तुमचं काय हरवलं वो? एक कागूद आला नको असलेला, यवडंच ना?”

मी चपला काढून खाली बसलो.

दीपमाला बाहेर आली. तेवीस-चोवीसची, ठाम बोलणारी. रिसॉर्टमध्ये बोलायची तसंच शुद्ध बोलली. “सर, यादी मी विकलेली नाही. पण वही काउंटरवर उघडी राहिली, हे खरं आहे. मालकांनी विचारलं, तू कुठे होतीस? मी सांगितलं नाही.”

“का? माझ्याशीच तर बोलत बसली होतीस. तेवढं सांगायचं.”

तिने आत वळलेल्या आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “इतका वेळ का बसले, तेही विचारलं असतं ना. ते मी सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे ते, सर.”

मला माहीत होतं. मला वाटत होतं, की ते तिला माहीत नाही.

३

‘निळाई’चे मालक पियूषशेठ शनिवार-रविवार तिथेच असत. बँकेतून लवकर निवृत्त होऊन त्यांनी रिसॉर्ट काढलं होतं. बँक सुटली तरी बँकेची शिस्त काही सुटली नव्हती. मी म्हणालो, “माझीच तक्रार मला तपासायची आहे. वही दाखवाल?”

“कमाल आहे,” ते म्हणाले. “चोर सापडल्यावर तपास?” पण वही काढून दिली.

प्रत्येक पाहुण्याने आपलं नाव, गाव, फोन आणि ई-मेल आपल्या हाताने लिहून सही करायची. माणसं किती आणि वेळ काय, ते रिसेप्शनने भरायचं. मी माझी ओळ शोधली. वेळ पाच वाजून पाच मिनिटं. ‘माणसं’ या रकान्यात आधी दोनाचा आकडा होता. त्यावर काट मारून एक केला होता. शेजारी दीपमालाची छोटी सही आणि ‘७.४०’.

“हे काय?”

“माझा नियम. खाडाखोड केली की सही आणि वेळ. आणखी एक नियम आहे, एकट्या माणसाला खोली द्यायची नाही. तळ्याकाठी धंदा करायचा तर पाळावाच लागतो. ह्या पोरीने तो मोडला आणि वर दोन माणसं लिहून लपवला. आता सांगा, हिच्यावर विश्वास कसा ठेवू?”

त्यांचा मेहुणा अतुल तिथला मॅनेजर होता. गुळगुळीत दाढी, कमरेला मोबाईलचं पाकीट. तो मध्येच म्हणाला, “दाजी, दर सोमवारी वहीतलं सगळं ती कॉम्प्युटरवर टाइप करते. ती यादी एका बटणावर बाहेर जाते. माझं विचाराल, तर मी त्या मंगळवारी दुपारपासून पौडला तहसील कचेरीत होतो. आलो साडेआठला. विचारा भिकाजीला.”

भिकाजी फाटकावरचा राखणदार. त्याने मान डोलावली. “व्हय. साडेआठला फाटकातनं आलं. म्याच कुलूप काढलं की.”

वहीतली नावं आणि फोन उतरवून घेऊन मी बाहेर झाडाखाली बसलो आणि फोन लावत सुटलो. माझ्या वरच्या ओळींतल्या पाच जणांना तीच प्लॉटची जाहिरात गेली होती. माझ्या खालची पहिली ओळ नाशिकच्या एका कुटुंबाची होती. ते सात चाळीसला आले होते. त्यांना काही आलं नव्हतं. त्यांच्या खालच्या दोघांनाही नाही.

जाहिरातीची रेघ बरोबर माझ्या नावाखाली ओढलेली होती. म्हणजे चोराने वही पाहिली, तेव्हा शेवटचं नाव माझं होतं.

४

स्वयंपाकघरात लीलाबाई भाकऱ्या थापत होत्या. मला पाहून ओशाळल्यासारखं हसल्या. त्या रात्री मी जेवायला बसलो, तेव्हा माझ्या टेबलावर दोन ताटं मांडलेली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढचं ताट पाहून माझा चेहरा पडला असणार, कारण लीलाबाईंनी ते लगबगीने उचलून नेलं होतं.

“मावशी, त्या रात्री दोन ताटं का केली होती?”

“मला सांगितलं तसं केलं, बाबा. चार नंबरला दोन मानसं.”

“दीपमालाने सांगितलं?”

“ती कुटली सांगती? ती पान्यावर बसल्याली. सायेबानं सांगितलं.”

“कुठल्या साहेबांनी?”

“अतुलसायेबानी. त्या मागल्या दारातनं डोकावलं, म्हनलं, चार नंबरला दोन मानसं आल्यात, भात वाढवा. संगं एक चष्मेवाला मानूस हुता. आन फाटकाकडं न जाता मागल्या वाटंनं गेलं.”

“केव्हा?”

“दिवा लावाय आले हुते मी. सात वाजल्यालं नसतील.”

“हे मालकांना सांगितलं नाहीत?”

लीलाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “मला कोन इचारतंय? ज्यास्नी लिव्हाय-वाचाय येतं, त्यास्नीच इचारलं समद्यांनी.”

मी बाहेर आलो. कोडं सुटलं होतं. पण ते मालकांपुढे सोडवायचं, तर एक गोष्ट सांगणं भाग होतं, आणि ती गोष्ट मी आजवर आरशातसुद्धा बोललो नव्हतो. दीपमालाने नोकरी घालवून ती झाकली होती. मी गप्प बसून पुण्याची गाडी पकडली असती, तर मला विचारायला कुणी येणार नव्हतं. सोय उत्तम होती. तळ्याच्या वाऱ्यात मी बराच वेळ ती सोय न्याहाळत उभा राहिलो.

मग भिकाजीला दीपमालाच्या घरी पाठवलं.

५

चार वाजता आम्ही रिसेप्शनमध्ये जमलो. पियूषशेठ खुर्चीत, अतुल त्यांच्या मागे. लीलाबाई आणि भिकाजी दाराशी. दीपमाला आली ती आईला घेऊनच. अनुसयाबाई उंबऱ्याच्या आत यायला तयार होईनात, तेव्हा मीच खुर्ची दाराजवळ नेऊन ठेवली.

“जाहिरात ‘श्री. व सौ.’ना आली,” मी म्हणालो. “मी तर एकटाच. मग ही ‘सौ.’ आली कुठून? वहीतल्या दोन ह्या आकड्यातून. पाच वाजून पाच मिनिटांनी तो लिहिला गेला आणि सात चाळीसला खोडला गेला. सोमवारी कॉम्प्युटरवर गेला तो एकाचा आकडा. शेठ, पाहता का तुमच्या यादीत?”

पियूषशेठनी कॉम्प्युटर चालू करून पाहिलं. “एक,” ते म्हणाले.

“म्हणजे यादी कॉम्प्युटरवरून गेली नाही. चोरी कागदावरून झाली, आणि ती पाच पाच ते सात चाळीसच्या मध्येच. माझ्या वरच्यांना जाहिरात गेली, खालच्यांना नाही, याचाही अर्थ तोच. आता त्या वेळात अतुलराव पौडला होते.”

“होतोच,” अतुल म्हणाला.

“मग चार नंबरला दोन माणसं आहेत, हे तुम्हाला कसं कळलं? फाटकावर भिकाजीने मला एकट्याला आत सोडलं. दीपमालाला मी एकटा आहे हे माहीत होतं. दोन माणसं फक्त त्या वहीत होती. आणि सातच्या आत तुम्ही मावशींना दोघांचा भात टाकायला सांगितलात.”

लीलाबाईंनी पदर सावरला. “व्हय, सांगितलंय. चष्मेवाला बी हुता संगं.”

अतुलचा हात कमरेच्या मोबाईलवर गेला आणि तिथेच राहिला. माणूस चोरी लपवतो, सवय लपवायची राहून जाते. वही वाचली की स्वयंपाकघरात ताटं सांगायची, ही त्याची रोजची सवय होती. चोरी करून जातानाही त्याने ती पाळली.

“मित्र आहे माझा,” तो पुटपुटला. “प्लॉट पाडतोय इकडे. भागीदारी देतो म्हणाला. काउंटरवर कुणी नव्हतं, त्याने पानांचे फोटो काढले. नुसती नावं तर होती, दाजी.”

पियूषशेठचा चेहरा लाल झाला, पण मेहुणा तो मेहुणाच. त्यांनी राग दुसरीकडे वळवला. “आणि ही? वही उघडी टाकून अडीच तास कुठे होती?”

“माझ्यासमोर,” मी म्हणालो. “मी सही केली, तेव्हा रिसेप्शनवर दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिनेच माझी बॅग खोलीत नेली. मी तसाच पाण्याकडे गेलो. ती मागोमाग आली. नाशिकच्या गाडीचे दिवे दिसले, तेव्हा उठली. माझी सही आणि त्यांची सही, यांच्यामधला प्रत्येक क्षण ती माझ्या डोळ्यांसमोर होती.”

अतुलला दोरी सापडली. “वा! एकट्या पाहुण्याबरोबर अडीच तास. पाण्यावर. आम्ही काय समजायचं?”

अनुसयाबाई ताडकन उठल्या. दीपमालाने हात धरून त्यांना खाली बसवलं. आता बोलणारा मी एकटाच उरलो होतो.

“मी जीव द्यायला आलो होतो,” मी म्हणालो.

वाक्य अगदीच लहान निघालं. इतके महिने ते छातीवर धोंड्यासारखं होतं.

“कुणी छळत नव्हतं. नोकरीही होती. पण चार-चार दिवस माझ्या तोंडून एक शब्द निघत नसे, आणि निघाला नाही हे कुणाला कळतही नसे. मुळशीचं तळं एका रविवारी पाहिलं होतं, म्हणून इथे आलो. ह्या मुलीने मला वहीवर वाकलेलं पाहिलं आणि ओळखलं. माझ्याशेजारी बसून मला ती परीक्षेचे प्रश्न विचारत राहिली. मी चिडलो, मग समजावून सांगायला लागलो. माझे फेकायचे पत्तेसुद्धा सांगितले. ती म्हणाली, ‘म्हणजे कुणी शोधलं तरी सापडू नये, म्हणून एवढी खटपट?’ मला हसू आलं. तेवढ्यात ते दिवे दिसले आणि ती उठली.”

पियूषशेठ दीपमालाकडे वळले. “एकट्या माणसाला खोली द्यायची नाही, हा नियम मी अशाच माणसांच्या भीतीने केला होता.”

“मी त्याच भीतीने खोली दिली, सर,” ती म्हणाली. “परत पाठवलं असतं तर ते पुढे कुठे गेले असते? इथे निदान मी होते. अतुलसर वही बघून बाहेर काढतील, म्हणून दोन लिहिलं. सातची शेवटची एसटी गेली. आता कुणी काढणार नाही, असं वाटलं, म्हणून खरं केलं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत. त्यांनी पाण्यात उडी मारली नाही, सर. मग मी त्यांचं नाव कसं बुडवू?”

पियूषशेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अतुलला त्यांनी त्याच दिवशी किल्ल्या ठेवायला सांगितल्या. मग दीपमालाला म्हणाले, “सोमवारपासून ये.”

“येईन. पण मी चोर आहे हे गावात कळलंय. चोर नाही, हेही गावातच कळू दे.”

“उद्या सकाळी तुमच्या घरी येतो,” ते म्हणाले. “चार लोक बोलावून ठेव.”

६

एसटीच्या थांब्यापर्यंत मायलेकी माझ्याबरोबर आल्या. ऊन तिरपं झालं होतं. मला फार थकल्यासारखं वाटत होतं, आणि भूकही लागली होती.

“माझ्यामुळे तुला फार सोसावं लागलं,” मी दीपमालाला म्हणालो. “मी माफी मागतो.”

“लागलं,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही हसलात, तेव्हा क्षणभर वाटलं, माझा अंदाज चुकला. उगाच बसले. आज तुम्ही बोललात तेव्हा कळलं, बसले ते बरंच केलं.”

अनुसयाबाई थांब्यापाशी उभ्या राहिल्या. त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, “आई हाय का तुला?”

“आहे. औशाला.”

“तिला ठावं हाय ह्ये?”

“नाही.”

“मला ठावं हाय. ह्या शेठला ठावं हाय, त्या भिकाजीला ठावं हाय. आन जिनं नऊ म्हैनं पोटात वाह्यलं तिला न्हाई. ह्यो कुटला न्याय रं?”

पौडची गाडी वळणावर दिसली. मी हात केला नाही. कंडक्टरने दार उघडून पाहिलं, बेल मारली आणि गाडी गेली. मी थोडा बाजूला जाऊन फोन लावला. शनिवारी फोन आलेला पाहून आईने पहिल्याच घंटीला उचलला.

“काय रे, आज कसा काय? जेवलास का?”

“नाही,” मी म्हणालो. “आई, मी बरा नाहीये. कितीतरी दिवसांपासून नाहीये.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मला कवाच कळलंय रे. तू सांगशील म्हणून थांबले होते. येऊ का मी?”